चाकणचा कांदा, रानातील मधमाशी आणि आपले आरोग्य

पिंपरी-चिंचवडमधील बहुतेक स्वयंपाकघरांत चाकणच्या बाजारातून आलेला कांदा असतो. चाकणचे नाव आज मोटारींच्या कारखान्यांशी जोडले गेले असले, तरी कांद्याची बाजारपेठ म्हणून त्याची ओळख कारखान्यांहून जुनी आहे. तेथून नाशिकच्या रस्त्याने थोडे पुढे गेले, की राजगुरुनगरला केंद्र सरकारचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय लागते. ‘भीमा शक्ती’, ‘भीमा किरण’, ‘भीमा सुपर’ या वाणांची नावे आपल्यापैकी शेती असणाऱ्यांना परिचित असतील. ते वाण याच संस्थेचे. या कांद्याचे आणि रानातील मधमाशीचे एक नाते आहे. ते नाते कीटकनाशकांमुळे कसे ताणले जात आहे आणि त्याचा आपल्या आरोग्याशी, विशेषतः घरातील ज्येष्ठांच्या आरोग्याशी, काय संबंध आहे, हे या लेखात पाहू.

आरोग्याच्या पाक्षिकात मधमाशीवर लेख कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर असे, की जे विष मधमाशीच्या मेंदूवर काम करते, तेच माणसाच्या मज्जासंस्थेवरही काम करते; फरक मुख्यतः मात्रेचा आहे. दुसरे असे, की उतारवयात डॉक्टर ज्या भाज्या आणि फळे खाण्याचा आग्रह धरतात, त्यांतील पुष्कळशी माशांच्या श्रमांवर उभी असतात.

बी धरण्याची गोष्ट

आपण खातो तो कांदा तयार होण्यासाठी मधमाशी लागत नाही. ती लागते बी तयार होण्यासाठी. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला उंच दांडे येतात आणि त्यांच्या टोकांवर पांढरे गोंडे फुलतात. एकेका गोंड्यात शेकडो इवली फुले असतात. या फुलाची रचना मोठी विलक्षण आहे. त्यातील पराग आधी सुटतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे फुलाला स्वतःचे पराग वेळेवर उपयोगी पडत नाहीत. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेऊन पोहोचविणारे कोणीतरी लागते. ते काम प्रामुख्याने माशा करतात. माशा फिरकल्या नाहीत, तर गोंडा बाहेरून भरलेला दिसतो. मात्र चोळून पाहिल्यावर हाती भुसाच अधिक येतो.

आता अडचण पाहा. कांद्याचा मोठा शत्रू म्हणजे फुलकिडे. त्यांच्या बंदोबस्तासाठी प्रोफेनोफॉस, कार्बोसल्फान, फिप्रोनिल यांसारखी कीटकनाशके आलटून-पालटून फवारली जातात. पीक पानांवर असताना ही फवारणी झाली, तर माशांशी तिचा संबंध कमी येतो. पण गोंडे फुललेले असताना, सकाळच्या उन्हात, माशा कामावर असताना पंप चालला, तर औषध किडीवर पडते तसेच माशीवरही पडते. शेतकऱ्याने पीक वाचविण्यासाठी केलेला खर्च त्याचेच बी कमी करतो. शेतकऱ्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. डोळ्यांदेखत पीक वाळताना दिसत असेल, तर हात पंपाकडे जाणारच. मात्र फवारणीची वेळ आणि औषधाची निवड यांत किती फरक पडतो, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. आपल्यापैकी ज्यांची मुले, भाऊ, पुतणे खेड, आंबेगाव, जुन्नर किंवा मावळात शेती पाहतात, त्यांच्या सांगण्याला वजन असते.

माशी म्हणजे केवळ पेटीतली माशी नव्हे

मधमाशी म्हटले, की पेटीत पाळलेली माशी डोळ्यांसमोर येते. परंतु आपल्या परिसरात बहुतेक काम रानमाशाच करतात. उंच झाडांवर, कड्यांवर आणि आता इमारतींच्या छज्जांखाली एकच मोठे पोळे बांधणारी आग्या माशी. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे लटकविणारी नाजूक फुलोरी. झाडांच्या ढोलीत राहणारी सातेरी. आणि भिंतीच्या फटीत घर करणारी, डंख नसलेली बारीक पोयाची माशी. यांच्याखेरीज शेकडो जातींच्या एकट्या राहणाऱ्या माशा आहेत. त्यांना ना राणी, ना पोळे. कोणी बांधावरच्या मातीत बीळ करते, तर सुतारभुंग्यासारखी काळी मोठी माशी वाळक्या लाकडाला भोक पाडून राहते.

या एकट्या माशांचे महत्त्व टोमॅटो-वांग्याच्या शेतात दिसते. टोमॅटोच्या फुलातील पराग मिरपुडीच्या डबीत असावेत तसे बंद असतात. फूल हलले तरच ते बाहेर पडतात. वाऱ्यानेही थोडे काम होते. पण सुतारभुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला बिलगून अंग थरथरविते, तेव्हा पराग भरभरून सुटतात. पेटीतल्या मधमाशीला ही कला येत नाही. टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले नारायणगाव आपल्याच जिल्ह्यात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या माशांचे मोल कळेल.

नियम करताना मात्र बहुधा पेटीतल्या माशीकडेच पाहिले जाते. स्वीडनमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 16 शेतांची तुलना केली गेली. त्यांतील निम्म्या शेतांत मोहरीवर्गीय पिकाचे बियाणे क्लोथियानिडिनयुक्त कीटकनाशकाचा लेप दिलेले होते. त्या शेतांत रानमाशांची संख्या घटली, एकट्या माशांनी घरटी केली नाहीत आणि भुंगेमाशांच्या वसाहतींची वाढ खुंटली. पेटीतल्या मधमाशांच्या वसाहतींवर मात्र ठळक परिणाम दिसला नाही. कारण सोपे आहे. हजारो माशांच्या पोळ्यात काहीशे माशा मेल्या, तरी त्यांची जागा भरून निघते. एकट्या राहणाऱ्या माशीची आई मेली, की तिच्या घराचा वंशच थांबतो. मातीत राहणाऱ्या माशीला तर फुलातून आणि जमिनीतून असे दोन्हीकडून विष मिळते.

विष नेमके काय करते?

येथे थोडे शरीरशास्त्र समजून घ्यावे लागेल. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन स्रवते आणि संदेश पुढे जातो. संदेश पोहोचला, की एक विकर त्या रसायनाचे तत्काळ विघटन करते. दाराची घंटा वाजवून बोट उचलावे, तसे हे आहे. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस या गटातील औषधे त्या विकरालाच निकामी करतात. कार्बोसल्फानचेही कार्य साधारण असेच. मग घंटेवरचे बोट उचललेच जात नाही. कीटक थरथरून मरतो.

दुसरा गट इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन यांचा. ही औषधे ॲसिटिलकोलीनच्या जागी स्वतःच जाऊन बसतात. ती आंतरप्रवाही असतात. म्हणजे बियाण्याला लावली किंवा मुळाशी घातली, तरी झाडाच्या रसातून पानांत, परागांत आणि मकरंदातही उतरतात. अशा फुलावरची माशी जागीच मरते असे नाही. ती वाट विसरते. फ्रान्समधील संशोधकांनी 2012 साली थायामेथोक्झामची अल्प मात्रा दिलेल्या माशा दूर सोडल्या, तेव्हा त्यांतील कितीतरी पोळ्याकडे परतल्याच नाहीत. फुलांचा ठावठिकाणा नाचून सांगणारी ही माशी. तिची ही भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश 1973 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते. अशा माशीला घरचा रस्ता न सापडणे म्हणजे तिचे मरणच. युरोपीय संघाने या तीन औषधांवर 2013 मध्ये निर्बंध घातले आणि 2018 मध्ये उघड्या शेतात त्यांचा वापर बंद करण्याचा निर्णय घेतला.

ज्यांच्या घरी विस्मरणाच्या आजाराचे रुग्ण आहेत, त्यांनी पुढचा भाग जरा लक्षपूर्वक वाचावा. अल्झायमरच्या आजारात मेंदूतील ॲसिटिलकोलीन कमी पडते. म्हणून डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिन ही औषधे दिली जातात. ती त्याच विकराला सौम्यपणे आणि तात्पुरते आवर घालतात. एकच कळ, वैद्य ती हलक्या हाताने दाबतो, विष ती दाबूनच धरते. म्हणूनच ही गोळी किंवा पट्टी चालू असलेल्या व्यक्तीने फवारणीपासून कटाक्षाने दूर राहावे. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेचा असल्याने नाडी मंदावणे, घाम, जुलाब, चक्कर हे त्रास वाढू शकतात.

ज्येष्ठांनी आणि काळजीवाहकांनी काय ओळखावे?

आपल्या शहरातील पुष्कळ गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झाल्यावर गावाकडची शेती पाहू लागतात. शनिवार-रविवार गावी, आणि पाठीवर पंप. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. विष पोटातूनच जाते असे नाही. ते घामेजलेल्या त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात शिरते. वय वाढले, की यकृत व मूत्रपिंडाचे काम मंदावते, आधीची औषधे चालू असतात आणि शरीराची सोसण्याची ताकद कमी होते.

फवारणीनंतर तोंडाला पाणी सुटणे, डोळ्यांतून पाणी, भरपूर घाम, मळमळ, पोटात कळ, अंधुक दिसणे, छातीत घरघर, स्नायूंची फडफड, बाहुल्या बारीक होणे, ही धोक्याची लक्षणे होत. मधुमेही व्यक्तीला घाम आला, की साखर उतरली असे वाटते. उन्हाळ्यात ऊन लागले असे वाटते. साखर अवश्य तपासावी, पण फवारणीची गोष्ट विसरू नये. अशा वेळी प्रथम माणसाला शेतातून मोकळ्या हवेत आणावे, सर्व कपडे काढावेत, अंग व केस साबणाने भरपूर पाण्यात धुवावेत. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. उलटी करवू नये, दूध किंवा तूप पाजू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्यावे. ॲट्रोपीन हे यावरचे प्रभावी औषध आहे; पण ते वेळेत आणि रुग्णालयातच द्यावे लागते. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांच्या हाती द्यावी.

बाटलीवरील रंगीत त्रिकोण आपण पाहिला असेल. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. हा त्रिकोण माणूस व सस्तन प्राण्यांच्या दृष्टीने विषाची तीव्रता सांगतो. तो मधमाशीसाठी नाही. त्यामुळे ‘निळा त्रिकोण आहे, म्हणजे माशीला चालेल’ असा अर्थ काढू नये. लेबलावर मधमाशांविषयी वेगळी सूचना असल्यास तीच पाहावी.

ताटात काय उरेल?

माशा नाहीशा झाल्या तर माणूस उपाशी मरेल, असे काही जण सांगतात. ते तसे खरे नाही. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांना माशी लागत नाही. पोट भरेल, पण ताट फिके होईल. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पिके परागीभवनासाठी कमी-अधिक प्रमाणात कीटक-पाखरांवर अवलंबून आहेत. भोपळा, काकडी, कारले, कलिंगड, सूर्यफूल, तीळ, आंबा अशी ही यादी आहे. अ आणि क जीवनसत्त्व, फॉलिक ॲसिड, तंतू हे ज्या अन्नातून मिळते, त्यात यांचा वाटा मोठा. दात नसलेल्या, भूक मंदावलेल्या ज्येष्ठांना मऊ भाजी आणि पिकलेले फळ हाच आधार असतो. हे पदार्थ महाग झाले, तर निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात पहिली काटकसर येथेच होते.

गच्चीवर काकडी किंवा भोपळा लावणाऱ्यांनी एक अनुभव घेतला असेल. वेल जोमदार, फुले भरपूर. पण इवले फळ धरते, पिवळे पडते आणि गळते. खत कमी पडले असे आपल्याला वाटते. पुष्कळदा कारण एवढेच असते, की मादीफुलावर माशी आलेली नसते. सकाळी नरफूल तोडून मादीफुलाला हलकेच टेकविले, तर फळ धरते. दोन वेलींपुरते हे जमेल. दोन एकरांत कोण करणार?

कीटकनाशकांच्या भीतीने भाज्या-फळे कमी करू नयेत, हेही आग्रहाने सांगतो. न खाण्याचा तोटा मोठा आहे. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढावी. कोबीची बाहेरची पाने टाकावीत. साबण वापरू नये. आंतरप्रवाही औषधाचा अंश धुऊन पूर्ण जात नाही. म्हणूनच शेतातच कमी आणि योग्य वेळी फवारणी होणे, हा खरा उपाय ठरतो.

मधाविषयी दोन शब्द. मध औषधी म्हणून मधुमेहींनी मनमुराद घेऊ नये. त्यानेही साखर वाढते. आणि आजी-आजोबांना विनंती, की एक वर्षाखालील नातवंडाला मधाचे बोटदेखील चाटवू नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

इमारतीवरचे आग्या मोहोळ

मोशी, चिखली, चऱ्होली, ताथवडे येथे शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. झाडे व कडे गेले, तशी आग्या माशी सज्जाखाली पोळे करू लागली. सोसायटीत घबराट होते आणि औषध मारणाऱ्याला बोलावले जाते. पोळ्यावर विष फवारणे किंवा ते जाळणे ही दोन्ही कृत्ये धोक्याची आहेत. चवताळलेल्या माशा चौथ्या मजल्यावरच्या आजींना ओळखत नाहीत. आग्या माशी फिरस्ती आहे. फुलोरा संपला, की ती आपणहून निघून जाते. पोळे वाटेपासून दूर असेल, तर तसेच राहू द्यावे. संध्याकाळी त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात व दिवे मंद करावेत, कारण प्रकाशाकडे माशा येतात. हलविणे अपरिहार्य असेल, तर माशा न मारता पोळे हलविणाऱ्या प्रशिक्षित माणसालाच बोलवावे. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आपल्याकडे या विषयाचे ज्ञान उपलब्ध आहे.

माशी चावलीच, तर काटा शक्य तितक्या लवकर खरवडून काढावा, जागा धुवावी आणि बर्फ लावावा. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, धाप, चक्कर यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या चालू असणाऱ्यांत ॲड्रेनॅलिनच्या इंजेक्शनचा परिणाम कमी पडू शकतो. म्हणून ती माहिती डॉक्टरांना द्यावी. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. अनेक डंख झाले असतील, तर बरे वाटत असले तरी तपासणी करून घ्यावी. गडद रंगाची लघवी हे मूत्रपिंडावर ताण आल्याचे लक्षण असू शकते.

आपल्या हाती काय आहे?

गावाकडे बोलणे होईल, तेव्हा एवढे सांगता येईल:

1. पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो फवारणी करू नये. अटळच असेल, तर सूर्यास्तानंतर करावी.
2. कांद्याच्या शेताभोवती मक्याच्या दोन ओळी आधीच लावल्या, तर फुलकिड्यांना अडथळा होतो. राजगुरुनगरच्या संस्थेचीच ही शिफारस आहे. निळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क यांचाही उपयोग होतो.
3. दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन-तीन औषधे एकत्र कालवू नयेत.
4. बांध जाळू नये. तेथील मातीत माशांची घरे असतात आणि तणांची फुले त्यांना पीक नसताना अन्न देतात.
5. शेजारी मधपेट्या असतील, तर फवारणीची आगाऊ कल्पना द्यावी.

शहरात राहणाऱ्यांनाही काम आहे. सोसायटीच्या बागेत ‘महिन्याला एकदा फवारणी’ असा करार असेल, तर कीड दिसल्याशिवाय फवारू नये, असे बैठकीत सुचवावे. डासांसाठी धुरापेक्षा साचलेले पाणी काढणे अधिक परिणामकारक असते. आठवड्याचा एक कोरडा दिवस पाळावा. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नयेत. काही फुलू द्याव्यात. फुलोरी आणि निळ्या पट्ट्यांची माशी त्यांवर हमखास येते. शेजारी उथळ बशीत खडे घालून थोडे पाणी ठेवावे व ते रोज बदलावे.

ज्यांच्या घरी स्मृती मंदावलेले आई-वडील आहेत, त्यांना एक छोटा उपक्रम सुचवितो. सकाळी नऊच्या सुमारास कोवळ्या उन्हात त्यांना तुळशीपाशी खुर्ची टाकून द्यावी आणि दहा मिनिटांत किती माशा आल्या ते मोजायला सांगावे. आकडा वहीत त्यांनाच लिहू द्यावा. ऊन मिळते, लक्ष एकाग्र होते, दिवसाला एक प्रयोजन लाभते. आणि महिन्याभराने वहीतले आकडे उतरताना दिसले, तर सोसायटीच्या पुढच्या बैठकीत मांडायला आपल्यापाशी एक पुरावाही असेल.